सडपातळ अंगातली चरबी

‘ताई, मी तर हाडकुळा, मला कशी शुगर?’ माझ्याकडे आहाराचा सल्ला घ्यायला येणारी बारीक चणीची माणसं हे हमखास विचारतात. मी त्यांना २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला फोटो दाखवते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२!

याची सुरुवात आईच्या पोटात होते. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपल्या बाळांचे दंड बारीक, म्हणजे स्नायू कमी; पोटही लहान. पण खांद्याच्या पात्याखालची कातडी कॅलिपरच्या चिमट्यात धरून मोजली, तर तिथली चरबी जवळपास इंग्रज बाळांइतकीच. जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायू उचलतात. तेच कमी पडले की इन्शुलिनवर ताण येतो.

याच अभ्यासाचा २००८ चा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या आयांच्या रक्तात फोलेट (फॉलिक अ‍ॅसिड) भरपूर आणि बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षी इन्शुलिनला जास्त विरोध दिसला. फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या थांबवू नयेतच, बाळाच्या मज्जारज्जूसाठी त्या हव्यात. पण बी-१२ कडेही तितकंच लक्ष हवं. म्हणून ज्यांना ते आहारातून कमी मिळतं त्या शाकाहारी मुलींना मी लग्नाआधीच बी-१२ ची तपासणी करून घ्यायला सांगते.