चार हातांचे अंगण

घर शोभिवंत कसे करावे, असे कोणी विचारले की आपल्या डोळ्यांपुढे आधी दुकान येते. पडदे, रंगीत कुंड्या, दिव्यांच्या माळा अशी यादी होते आणि मग खिशाकडे पाहून ती आखडती घेतली जाते. पण जरा आपल्या आजीचे घर आठवून पाहा. तिने शोभेसाठी म्हणून काय विकत आणले होते? फारसे काहीच नाही. तरी ते घर आठवले की मन प्रसन्न होते. हे कसे काय, याचा थोडा विचार आज आपण करू.

आमच्या पिंपरी-चिंचवडच्या भागात तर हा विचार अगत्याचा आहे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली राज्यात औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि इथल्या माळरानावर एकामागून एक कारखाने आले. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या गावांची १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली. पुढे हीच लाट चाकण, महाळुंगे, निघोज्यापर्यंत गेली. सातारा, सोलापूर, मराठवाडा, खानदेश, कुठून कुठून माणसे आली. माझे वडीलही त्यांतलेच. ट्रंक आणि वळकटी घेऊन ते आले, पण अंगण काही त्यांना आणता आले नाही. आज आमच्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला आहे ती इमारतीतली गॅलरी, चार हात लांब आणि दोन हात रुंद. अंगणात जे होत होते ते या चार हातांत कसे मावायचे, हा खरा प्रश्न आहे.

आधी हे ध्यानात घेतले पाहिजे की जुन्या घरातली शोभा कामातून आलेली होती. अंगणात शेणाचा सडा घालायचा तो धूळ बसावी म्हणून. त्या ओलसर, गडद भूमीवर शिरगोळ्याची पांढरी रांगोळी उठून दिसे, ही त्या कामाची शोभा. परसात न्हाणीचे पाणी जाई तिथे अळू, कर्दळ आणि केळ. पाणी वाया जात नसे, चिखल होत नसे आणि वडीला पाने मिळत. दारावर आंब्याचा टहाळा, कारण तो तोडल्यावरही काही दिवस तजेलदार राहतो. अशा घरात सजावट म्हणून वेगळे खाते नव्हते.

तुळशीचेच पाहा ना. तुळशीला मंजिऱ्या धरल्या आणि त्यांचे बी पिकू दिले की झाड लाकडासारखे होऊन वाळू लागते. मंजिऱ्या वेळेवर खुडल्या तर नवी पालवी फुटते. आजी मंजिऱ्या खुडून देवाला वाही, त्यात पूजाही होई आणि छाटणीही. कार्तिकात तुळशीचे लग्न लावताना वृंदावनात ऊस, चिंचा आणि आवळे ठेवीत, म्हणजे त्या ऋतूत जे पिकले त्याचे ते जणू प्रदर्शनच. गॅलरीत तुळस लावायची तर पाच-सहा तासांचे ऊन मिळेल असा कोपरा तिला द्या. कुंडी मातीची आणि बुडाला भोक असलेली घ्या. पाणी रोज घालण्याचा नेम असेल तर चमचाभरच घाला. आमच्याकडे तुळशी वारंवार मरत, त्या उन्हाने नव्हे, भक्तीने घातलेल्या तांब्याभर पाण्याने!

मोरया गोसावींच्या चिंचवडात राहून गणपतीच्या पत्रीला विसरून कसे चालेल? भाद्रपदात एकवीस तऱ्हांची पत्री वाहण्याची चाल आहे: दूर्वा, आघाडा, माका, शमी, बेल, मारवा, जाई, डाळिंब इत्यादी. पूर्वी मुले ही पाने परसातून आणि बांधावरून गोळा करीत, आणि त्या निमित्ताने त्यांना एकवीस वनस्पती ओळखता येत. आता आपण मंडईतून जुडी आणतो आणि तीत काय आहे हे कोणालाच सांगता येत नाही. एकवीस नकोत, चार लावा. दूर्वा पसरट कुंडीत येतात, मारवा लहानशा कुंडीत, जाईचा वेल गॅलरीच्या गजांवर चढतो आणि आघाडा तर न लावताही उगवतो. मात्र याच यादीतली कण्हेर आणि धोत्रा विषारी आहेत. लहान मूल असलेल्या घरात त्या दोघांना दुरूनच नमस्कार करावा.

कोणी म्हणेल, परंपरेत नव्याला जागा नाही काय? आहे तर! दसऱ्याला ज्याच्यावाचून आपले पान हलत नाही तो झेंडू मुळात मेक्सिकोकडचा. दारापुढचा पांढरा चाफा अमेरिका खंडातला, सदाफुली मादागास्करची आणि चिंचवडच्या नावात जिचा उच्चार होतो ती चिंचही आफ्रिकेतून आलेली. ही सारी पाहुणी मंडळी आपल्याकडे आली आणि घरचीच झाली, जसे आपण या गावी येऊन इथले झालो. परंपरा म्हणजे जुने सारे जसेच्या तसे ठेवणे नव्हे. जे हातून हाती जाते आणि जाताना गोष्ट सांगून जाते, ती परंपरा.

ही समज मला एका चुकीतून आली. गावच्या घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा आमच्या वाट्याला एक पितळी घंगाळ आले. मी हौसेने त्यात माती भरून शेवंती लावली. पाहुण्यांनी वाहवा केली. वडील मात्र दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अरे, यात माती घातलीस? यातल्या पाण्यानं आईनं मला न्हाऊ घातलंय." मी घंगाळ रिकामे केले. ओल्या मातीने आत हिरवे डाग पडले होते. वडिलांनी स्वतः बसून चिंच आणि मीठ लावून ते घासले, आणि घासता घासता आजीच्या, विहिरीच्या, दुष्काळाच्या कितीतरी गोष्टी माझ्या मुलीला सांगितल्या. त्या मी स्वतःही ऐकल्या नव्हत्या. आता ते घंगाळ दाराशी आहे. त्यात पाणी घालून वर फुले सोडतो. ते पाणी मुलगी रोज बदलते, कारण साचलेल्या पाण्यात आठवडा-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात.

तेव्हा जुनी वस्तू मांडण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना एक शब्द विचारा. जाते, पाटा, पाळण्याच्या कड्या या वस्तूंना भोके पाडू नका, रंग फासू नका. आणि वजनाचाही विचार करा. एक घनफूट ओली माती ४५ ते ५० किलो भरते. मोठ्या कुंड्यांची रांग कठड्याला टेकवण्याआधी जाणकाराला विचारावे, आणि कुंडीखाली ताटली ठेवावी. आमच्या कुंडीचे पाणी खालच्या बिऱ्हाडाच्या वाळवणावर गळले, तेव्हा शेजारधर्माचा धडा आम्हाला चांगलाच मिळाला आहे.

शेवटी मुलांसाठी एक सूचना. दिवाळीत इमारतीखाली मातीचा किल्ला करा. नेहमी डोंगरी किल्लाच का करायचा? आपल्या चाकणचा संग्रामदुर्ग करा. तो भुईकोट, भोवती खंदक. १६६० साली फिरंगोजी नरसाळा यांनी शाएस्तेखानाच्या मोठ्या फौजेविरुद्ध तो दोन महिन्यांच्या आसपास झुंजवला. किल्ल्यावर हळीव किंवा मोहरी पेरा, चार-पाच दिवसांत हिरवळ येते. तेवढ्या अवधीत आजोबा खाली येऊन बसतील, शेजारची मुले जमतील आणि गोष्ट सुरू होईल.

माझे वडील हल्ली सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. परवा मुलीला म्हणाले, "जा, अंगणातून दोन मंजिऱ्या खुडून आण." गॅलरीला अंगण म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकले.