इमरान नेमका कुणाचा?
इब्ने सफी, त्यांचे वाचक आणि आपली लिहिती मुलं

आठवी-नववीतली मुलगी वहीत तासन्‌तास काहीतरी लिहीत असते. अम्मी वही उघडून पाहते, तर अभ्यास नाही, गोष्ट! तीही उसन्या पात्राची. परदेशी पुस्तकातला जादूगार मुलगा तिने थेट नांदेडला गोदावरीच्या घाटावर आणून उभा केलेला. मग घरात प्रश्न निघतो : दुसऱ्याची पात्रं घेऊन लिहिणं म्हणजे चोरी नव्हे का? आणि यात वेळ वाया जात नाही का?

अशा लेखनाला आजकाल ‘फॅन फिक्शन’ म्हणतात. नाव नवं असलं तरी प्रश्न जुना आहे. आपल्या दादाजान-नानाजानांच्या पिढीने तो इब्ने सफींच्या निमित्ताने पाहिला होता.

सप्टेंबर 1948 पर्यंत नांदेड आणि लातूर हैदराबाद संस्थानात होते. कचेऱ्यांची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. त्यामुळे मराठवाड्यात त्या पिढीतले अनेक शिकलेले लोक, मग ते मुसलमान असोत वा हिंदू, उर्दू सहज वाचत. मार्च 1952 मध्ये अलाहाबादहून ‘जासूसी दुनिया’ मालिकेची पहिली कादंबरी ‘दिलेर मुजरिम’ निघाली. लेखकाचं मूळ नाव असरार अहमद. वडील सफीउल्लाह, म्हणून टोपणनाव इब्ने सफी, सफींचा मुलगा. अश्लील लिहिल्याशिवाय पुस्तक खपत नाही, असं मित्रमंडळीत कुणी म्हणालं आणि ते खोटं ठरवायला त्यांनी लेखणी उचलली. त्याच वर्षी ते कराचीला गेले, पण पुस्तकं सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना निघत राहिली. ‘जासूसी दुनिया’त फरीदी आणि हमीद, तर 1955 पासूनच्या दुसऱ्या मालिकेत वरून खुळा वाटणारा पण आतून पक्का असलेला इमरान. दोन्ही मिळून सुमारे अडीचशे कादंबऱ्या झाल्या.

या पुस्तकांच्या सुरुवातीला ‘पेशरस’ नावाचं छोटं मनोगत असे. वाचकांच्या पत्रांना, तक्रारींना आणि फर्माइशींना इब्ने सफी तिथे उत्तरं देत. कधी गोडीत, कधी चिमटा काढून. बरेच वाचक आधी ते पान वाचत आणि मग गोष्टीला हात घालत. पात्रांवर आपलाही थोडा हक्क आहे, असं वाचकाला तिथूनच वाटू लागलं.

हक्काची ही भावना पुढे वेगळ्या वाटेलाही गेली. 1960 च्या सुमारास इब्ने सफी मनाच्या आजाराने खाटेला खिळले आणि जवळजवळ तीन वर्षं लेखन थांबलं. बाजार मात्र थांबला नाही. नावाला ‘सफी’ जोडून नकली लेखक उभे राहिले. इमरान आणि फरीदी त्यांच्या हाती पडले, पण पूर्वीची चाल आणि अदब त्यांत राहिली नाही. 1963 मध्ये ‘डेढ मतवाले’ घेऊन मूळ लेखक परतले, तेव्हा वाचकांनी त्यांचं जोरदार स्वागत केलं. 26 जुलै 1980 रोजी त्यांचं निधन झालं. त्यांच्यानंतरही मुलतानच्या मजहर कलीम यांनी इमरानवर शेकडो कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यांनाही स्वतःचा वाचक मिळाला.

मग उसनं घेणं वाईटच का? स्वतः इब्ने सफींनीही घेतलं होतं. सुरुवातीच्या काही कथानकांचा धागा इंग्रजी कादंबऱ्यांतून घेतल्याचं त्यांनी छापून कबूल केलं. ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ त्यांनी लहानपणीच वाचली होती. अमीर हमजाची ती दास्तान तरी एकाची कुठे आहे? पिढ्यान्‌पिढ्यांच्या दास्तानगोंनी ती वाढवत नेली. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने ती 46 जाड खंडांत छापली. त्यातला होशरुबाचा तिलिस्म फारसीतून आणल्याचं सांगितलं गेलं, पण तो प्रत्यक्षात इथल्याच दास्तानगोंच्या कल्पनेतून उभा राहिला. खुद्द इमरानही वेश बदलत राहिला. हिंदी वाचकांसाठी तो ‘राजेश’ झाला आणि फरीदी ‘विनोद’.

म्हणजे फरक घेण्या-न घेण्याचा नाही. घेतलेलं कबूल करण्याचा आणि त्यात स्वतःचं काही घालण्याचा आहे. नकली लेखकांनी पात्रं घेतली म्हणून वाचक चिडला नाही. दुसऱ्याच्या नावावर माल विकला, म्हणून चिडला.

मुलांना हेच सांगायला हवं. वहीत सरावासाठी कुणाचंही पात्र खुशाल घ्यावं, पण वरच्या ओळीत मूळ लेखकाचं नाव लिहावं. ती अमानत आहे. छापून विकायचं असेल, तर परवानगी लागते. भारतात लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कायदा त्याच्या लेखनाचं रक्षण करतो. दुसऱ्याच्या पात्राला आपल्या लेखणीने बदनाम करू नये, एवढी अदबही हवी. हळूहळू उसना जादूगार मागे पडतो आणि लातूरच्या गंजगोलाईतून चालणारं मुलाचं स्वतःचं पात्र पुढे येतं. सायकल शिकताना कुणीतरी मागून सीट धरतं, तसंच हे.

आमच्या मते आज खरी चिंता वेगळी आहे. आपल्या कितीतरी घरांत इब्ने सफींची पुस्तकं कपाटावर पडून आहेत. आजोबांना ती वाचता येतात, पण मराठी शाळेत शिकणाऱ्या नातवाला लिपीच येत नाही. एका पिढीत हे दार बंद होऊ शकतं. उपाय अवघड नाही. रात्री जेवणानंतर आजोबांनी चार पानं मोठ्याने वाचावीत. आधी पेशरस, मग गोष्ट. कान उर्दूला सरावलेले असतातच. दुसऱ्या दिवशी नातीने पुढचा भाग मराठीत, आपल्या मनाने लिहावा आणि आजोबांनाच वाचून दाखवावा. इमरान असं वागेल का, हे मग ते दोघं भांडून ठरवतील. तेवढं भांडण घरात जरूर होऊ द्यावं.