निळा अधिक पिवळा बरोबर करडा

डबीतला निळा आणि पिवळा कालवला की हिरवा होतो, हे पहिलीतलं पोरही सांगेल. तेच दोन रंग फोटोशॉपमध्ये निम्मे-निम्मे मिसळून पाहा, हाती करडा येईल. पडद्यावर असतात प्रकाशाचे आकडे. निळा म्हणजे लाल ०, हिरवा ०, निळा २५५. पिवळा म्हणजे २५५, २५५, ०. सरासरी काढली की तिन्ही आकडे सारखेच, म्हणजे करडा.

कागदावर हिशेब वेगळा. पिवळे रंगकण निळा प्रकाश शोषतात, निळे रंगकण लाल; दोघांच्या तावडीतून सुटतो तो हिरवा. याचं गणित कुबेल्का आणि मुंक यांनी १९३१ सालीच मांडलं. ते गणित पडद्यावरच्या या तीन आकड्यांत बसवणारी ‘मिक्सबॉक्स’ ही पद्धत मात्र प्रागच्या संशोधकांनी २०२१ साली आणली. म्हणजे रंगांपुरतं यंत्र कागदाला गाठतंय.

खरा फरक मला दिसतो तो निर्णयाच्या वेळेत. जलरंगात पांढरा लावायचा नसतो, राखायचा असतो. होडीचं शीड पांढरं हवं असेल, तर मागच्या आकाशाचा वॉश टाकण्याआधीच तेवढी जागा कोरडी सोडावी लागते. वॉश अर्धवट वाळलेला असताना ओला ब्रश पुन्हा टेकवलात, की पाणी पसरतं आणि दातेरी कडेचा डाग उमटतो. तो सहसा पुरता जात नाही.

टॅबलेटवर शीड शेवटी, वेगळ्या लेअरवर येतं. फोटोशॉपमध्येही ही सोय १९९४ पासूनची. संपादकाने सायंकाळी ‘आकाश जरा तांबूस करा’ म्हटलं, तर चित्रकार एक लेअर बदलून मोकळा होतो. अशा कामाला कागद धरून बसणं हा निव्वळ हट्ट. डेव्हिड हॉकनीसारख्या मुरलेल्या चित्रकारानेही सत्तरी ओलांडल्यावर आयफोन-आयपॅडवर चित्रं काढली. कॅनव्हास मात्र सोडला नाही.

शिकणाऱ्याचं तसं नाही. ‘अनडू’ हाताशी असलं की आधी नीट बघण्याची गरजच उरत नाही. म्हणून मुलाला टॅबलेट घ्यावा का, असं विचारणाऱ्या पालकांना माझं सांगणं आहे: चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षांपर्यंत थांबा. तोवर ३०० जीएसएमचा कागद, एक चांगला गोल ब्रश आणि लाल, पिवळा, निळा एवढे तीनच रंग आणून द्या.