ताप डोक्यात गेला की दारू तुटली?

पावसाळा लागला की वस्तीत घराघरात ताप येतो. कुठे डेंग्यू, कुठे चिकुनगुन्या, कुठे नुसता फ्लू. अशा वेळी एक प्रकार आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो. रोज पिणारा माणूस तापाने अंथरुणाला खिळतो. तोंडाला चव नाही, उलट्या होतात, गुत्त्यापर्यंत चालत जायची ताकद नाही, म्हणून पिणे आपोआप बंद पडते. घरच्यांना बरेच वाटते. आणि तिसऱ्या दिवशी रात्री तो उठून बसतो, हात थरथरतात, अंगाला घाम सुटतो, भिंतीवर किडे फिरताना दिसतात, नसलेल्या माणसांशी बोलतो, बायकोला ओळखत नाही. मग कोणी म्हणते ताप डोक्यात गेला, कोणी म्हणते बाहेरचे आहे.

बाहेरचे काही नाही. दारू मेंदूला गुंगी आणते. वर्षानुवर्षे रोज ती मिळाली की मेंदू त्या गुंगीवर मात करायला स्वतःचा वेग वाढवून ठेवतो. यंत्राच्या खडखडाटात काम करणारा माणूस ओरडून बोलायला लागतो, तसेच हे. यंत्र एकदम थांबले तरी त्याचे ओरडणे चालूच राहते. शेवटच्या पेल्यानंतर साधारण 6 ते 24 तासांत थरथर, घाबरेपणा आणि झोप न येणे सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो. उपचार झाले नाहीत तर यात माणूस दगावतो. दारू सोडून कोणी मरते का, असे आम्हाला विचारतात. हो, शरीराला सवय जडलेली असताना एकदम सुटली तर मरू शकते. वर्षावासात संकल्प करून एका दिवसात दारू बंद करणाऱ्यालाही हा धोका आहे. त्याने जरूर सोडावी, पण डॉक्टरच्या देखरेखीखाली.

मात्र बरळणे दारू तुटल्यामुळेच, असे घरी बसून ठरवू नका. विषाणू मेंदूपर्यंत पोचला, साखर उतरली, डेंग्यू बळावला किंवा काविळीने यकृत निकामी होऊ लागले तरी माणूस असाच बरळतो. कारण कोणतेही असो, 108 ला फोन करा आणि मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या. शांत व्हावा म्हणून थोडी पाजू नका. शुद्ध हरपलेल्याच्या श्वासनलिकेत ती जाते. थरथर आणि फिट आवरायची औषधे दवाखान्यात असतात.

तिथे गेल्यावर खरी अडचण सुरू होते. डॉक्टर विचारतात, पितो का? घरची माणसे खाली बघतात. रोज पंचशील म्हणणाऱ्या घरात पाचवे शील मोडते हे परक्यासमोर सांगायची लाज वाटते, हे आम्ही जाणतो. तरीही सांगा. रुग्णासमोर जमत नसेल तर बाजूला घेऊन सांगा: किती वर्षे पितो, रोज किती, शेवटची कधी घेतली. याचे एक कारण असे. रोज पिणाऱ्याच्या अंगात बी-1 जीवनसत्त्व कमी पडते, कारण पिणारा जेवत नाही आणि दारूमुळे खाल्लेलेही अंगी लागत नाही. तापात उपास घडला की ते आणखी घटते. मग डोळे विचित्र हलतात, चालताना तोल जातो, भान राहत नाही. अशा माणसाला बी-1 न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन चढवले तर मेंदूची इजा वाढू शकते. माहिती असेल तर डॉक्टर आधी बी-1 चे इंजेक्शन देतात. ते वेळेवर मिळाले नाही तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. असा माणूस सकाळचे विसरतो आणि विचारले की मनाने काहीतरी जोडून सांगतो. घरचे म्हणतात खोटारडा आहे. तो खोटे बोलत नसतो, त्याला आठवतच नसते.

ताप गेल्यानंतरचे काही आठवडेही सांभाळायचे असतात. न पिणाऱ्यालाही, बायाबापड्यांनाही तापानंतर मरगळ, उदासी, विसरभोळेपणा येतो. कोविडनंतर हे अनेकांनी भोगले. चिकुनगुन्याचे सांधे तर महिनोन्‌महिने दुखतात. पिणारा अशा वेळी अंगदुखीवर आणि झोपेसाठी म्हणून पुन्हा बाटली धरतो. दारूने झोप लागते खरी, पण मध्यरात्री मोडते, आणि उदासी वाढते. पॅरासिटामॉलच्या गोळ्याही त्याने मनाने वाढवू नयेत, यकृतावर दुहेरी मार बसतो. आणि "आता जगून काय करू" असे तो बोलला तर पिऊन बडबडतोय म्हणून सोडून देऊ नका, त्याला एकटे ठेवू नका.

मनाच्या त्रासासाठी टेलिमानस 14416 आणि व्यसनमुक्तीसाठी 14446 हे सरकारी फोन मोफत आहेत. फोन रुग्णानेच करावा असे नाही. बायको, आई, मोठा मुलगा, कोणीही करू शकते.