बॅटरी नाही, टिकटिक नाही, चूक दिवसाला एका सेकंदाची: ग्रँड सिकोच्या घड्याळात लाखो रुपये नेमके कशाचे?

इन्स्टावर घड्याळांचे रील्स बघत असाल, तर पांढऱ्या डायलचं एक घड्याळ एकदा तरी समोर आलं असेल. त्याचा निळा सेकंद काटा टक-टक करत उड्या मारत नाही, बर्फावरून घसरल्यासारखा सलग फिरतो. खाली कमेंटही ठरलेली असते, 'सिको? आणि एवढ्या लाखांना?'

प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे जपानी घड्याळ म्हणजे स्वस्त, मस्त आणि टिकाऊ. आपल्या एचएमटीनेही 1961 मध्ये बंगळुरूत मनगटी घड्याळं बनवायला सुरुवात केली ती जपानच्या सिटिझनकडून तंत्र घेऊनच. मग त्याच जपानचं घड्याळ लाखांत कसं जातं?

तर त्या पांढऱ्या घड्याळाचं टोपणनाव 'स्नोफ्लेक'. मॉडेल एसबीजीए211, कंपनी ग्रँड सिको.

मूळची सिको 1881 मध्ये किंतारो हातोरी यांनी टोकियोत सुरू केली. आधी घड्याळांचं दुकान, मग कारखाना. 1960 च्या डिसेंबरमध्ये त्यांनी स्विस घड्याळांना टक्कर देणारं पहिलं 'ग्रँड सिको' आणलं. किंमत 25,000 येन, म्हणजे तेव्हाच्या जपानमध्ये नुकत्याच नोकरीला लागलेल्या पदवीधराच्या महिन्याच्या पगाराच्या जवळपास दुप्पट. 1968 मध्ये जिनिव्हाच्या वेधशाळेतल्या अचूकतेच्या स्पर्धेत सिकोच्या मेकॅनिकल घड्याळांनी चौथ्यापासून दहाव्यापर्यंतचे नंबर पटकावले. पहिले तीन नंबर क्वार्ट्झवाल्या स्विस घड्याळांचे होते, म्हणजे स्प्रिंगवर चालणाऱ्यांत सिकोच वरचढ.

आणि इथेच गोष्ट वळण घेते. 25 डिसेंबर 1969 ला सिकोनेच जगातलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ, अ‍ॅस्ट्रॉन, बाजारात आणलं. किंमत 4,50,000 येन, तेव्हा तेवढ्यात एक छोटी कार यायची. पण काही वर्षांतच क्वार्ट्झ इतकं स्वस्त झालं की स्प्रिंगच्या घड्याळांचं मार्केट बसलं. स्विस घड्याळ उद्योगात 1970 च्या सुमारास 90 हजारांच्या आसपास लोक कामाला होते, 80 च्या दशकात ते 30 हजारांच्या घरात आले. सिकोने स्वतःलाही सोडलं नाही. 70 च्या दशकाच्या मध्यात ग्रँड सिको बंद झालं. ते परत आलं 1988 मध्ये, आणि तेही क्वार्ट्झ होऊन. ग्रँड सिकोत स्प्रिंगचं नवं मशीन यायला 1998 उजाडलं.

सायकलचा डायनॅमो आठवतोय?

स्नोफ्लेकमधल्या मशीनचं नाव 'स्प्रिंग ड्राइव्ह'. नेहमीच्या मेकॅनिकल घड्याळात गुंडाळलेली स्प्रिंग हळूहळू सुटते, तिच्या जोरावर चाकं फिरतात आणि शेवटी एक बॅलन्स व्हील मागे-पुढे हलत त्यांचा वेग धरून ठेवतं. टिकटिक येते ती तिथून. क्वार्ट्झमध्ये हे काहीच नाही. बॅटरी, सेकंदाला 32,768 वेळा थरथरणारा स्फटिक आणि छोटी मोटर, बस्स.

स्प्रिंग ड्राइव्हमध्ये ताकद स्प्रिंगचीच असते, पण शेवटी बॅलन्स व्हीलऐवजी सेकंदाला आठ फेरे मारणारं एक चाक असतं. जुन्या सायकलचा डायनॅमो आठवा. चाक फिरलं की दिवा लागायचा आणि त्याच वेळी सायकल थोडी जड जायची. इथेही तसंच. चाक फिरताना अगदी किंचित वीज तयार होते, त्या विजेवर स्फटिक आणि चिप जागी राहते. चिप चाकाचा वेग स्फटिकाशी ताडून बघते आणि चाक जरा पुढे पळालं की चुंबकीय ब्रेक लावते. घाट उतरताना ड्रायव्हर ब्रेकवर हलका पाय ठेवून गाडी एका वेगात ठेवतो, तसं. बॅटरी कुठेच नाही. ब्रेकमध्ये काही घासत नाही, म्हणून झीज नाही, आणि काटा थांबत-थांबत जात नाही.

अचूकता दिवसाला एक सेकंद कमी-जास्त. पूर्ण चावी भरली की 72 तास चालतं, आणि हातात घातलेलं असेल तर हाताच्या हालचालीने चावी आपोआप भरत राहते.

ही कल्पना योशिकाझु आकाहाने या इंजिनिअरची, 1977 मधली. खरी अडचण विजेची होती, कारण घड्याळाच्या स्प्रिंगमधून मिळणाऱ्या एवढ्याशा विजेवर चालेल अशी चिपच तेव्हा नव्हती. सहाशेहून जास्त नमुने बनले. पहिलं स्प्रिंग ड्राइव्ह विक्रीला आलं 1999 मध्ये. आकाहाने त्याच्या आदल्या वर्षी वारले. ग्रँड सिकोत हे मशीन 2004 मध्ये आलं, आणि 2025 मध्ये वर्षाला फक्त 20 सेकंद कमी-जास्त होणारी त्याची आवृत्तीही निघाली.

बरं, पण रोज मशीन कोण बघतं?

बघतात डायल. नागानो प्रांतातल्या शिओजिरीत, जिथे हे घड्याळ बनतं, हिवाळ्यात आजूबाजूच्या डोंगरांवर बर्फ साचतो. वाऱ्याने त्या बर्फावर उमटणाऱ्या लाटांसारखा पोत या डायलवर आहे. गंमत म्हणजे डायलला पांढरा रंग दिलेलाच नाही. चांदीचा मुलामा अशा रीतीने केलाय की तो पांढरा दिसतो. म्हणूनच ढगाळ सकाळी तो करडा वाटतो आणि उन्हात चमकतो.

काटे आणि तासांच्या खुणा इतक्या धारदार कापलेल्या आहेत की मंद उजेडातही त्यांची एक बाजू चकाकते. मात्र अंधारात चमकणारा रंग नाही, त्यामुळे मिट्ट काळोखात वेळ दिसणार नाही.

केसच्या पॉलिशला 'झारात्सु' म्हणतात. नाव जपानी वाटतं, पण ते आलंय सालाझ या युरोपियन मशीनच्या नावाच्या जपानी उच्चारावरून. कारागीर फिरत्या धातूच्या तबकडीवर केस हाताने दाबून धरतो. दाब किंवा कोन जरा चुकला की कड गोल होते आणि आरशाला लहर येते. हा आग्रह 1967 च्या 44जीएस मॉडेलपासूनचा. दुकानात स्विस घड्याळांशेजारी सिकोची घड्याळं फिकी दिसतात, हे डिझायनर तारो तानाका यांना खटकलं होतं. त्यांनी सपाट पृष्ठभाग आणि तीक्ष्ण कडा यांचे नियमच घालून दिले.

आता घेणाऱ्याने काय बघावं? एक तर सर्व्हिसिंग. कंपनी तीन-चार वर्षांनी करायला सांगते आणि स्प्रिंग ड्राइव्ह गल्लीतल्या घड्याळजीकडे उघडता येत नाही. स्नोफ्लेकची केस टायटॅनियमची आहे. स्टीलपेक्षा हलकी, पण म्हणून ओरखडे येणारच नाहीत असं नाही. ओरखडा दिसला म्हणून कुणाला साध्या बफवर घासायला मात्र देऊ नका. ज्या कडांसाठी पैसे मोजले त्या एका दुपारीत गोल होतील. पट्ट्याचं क्लॅस्प मला तरी या किमतीला साजेसं वाटत नाही, उकाड्यात मनगट सुजलं की ते जागच्या जागी सैल करता येत नाही. आणि गुंतवणूक म्हणून तर अजिबात घेऊ नका, शोरूमबाहेर पडल्यावर बहुतेक मॉडेल्सची किंमत उतरते. जुनं घेणार असाल तर डायल मूळचाच आहे ना, हे आधी तपासा. रंग चढवून नव्यासारख्या केलेल्या जुन्या सिकोंना जगभरचे शौकीन 'मुंबई स्पेशल' म्हणतात, ते काही कौतुकाने नाही.

नुसतं बघायला शोरूममध्ये गेलात तरी एक करा. तिथल्या स्पॉटलाइटखाली सगळीच घड्याळं चमकतात. घड्याळ खिडकीजवळ न्यायची परवानगी मागा, केसच्या कडेत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सरळ दिसतंय की वाकडं ते बघा, आणि मग ते कानाला लावा.