आवाज कुणाच्या हातात?

बोनस हातात आला की शहाणी माणसं एफडी करतात. मी साउंडबार आणला. सबवूफरसकट! पहिल्याच शनिवारी मस्तपैकी हाणामारीचा पिक्चर लावला. पडदे थरथरले, बायको ‘वॉव’ म्हणाली आणि दहाव्या मिनिटाला दारावरची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकू. ‘अरे, आमच्या शोकेसमधल्या कपबश्या वाजताहेत!’

तिथून रोजची कसरत सुरू झाली. हीरो कुजबुजला की आवाज वाढवा, गाड्या उडाल्या की धावत जाऊन कमी करा. त्यात रिमोट दोन. टीव्हीच्या रिमोटने आकडा 40 वर नेला तरी फरक ढिम्म नाही, कारण आवाज यायचा साउंडबारमधून. आम्हा दोघांना हळूहळू सवय झाली.

मग साताऱ्याहून बाबा दोन महिन्यांसाठी राहायला आले. संध्याकाळी मी ऑफिसातून यायचो तेव्हा ते बातम्या बघत बसलेले असायचे. आवाज पूर्ण बंद. मला वाटायचं, किती समजूतदार! सुनेचे ऑफिसचे कॉल चालू असतात, म्हणून म्यूट करून बसतात. तीन आठवड्यांनी सहज म्हटलं, ‘बाबा, आवाज करा की थोडा.’

‘राहू दे रे. खालची पट्टी वाचतो मी. तुमची ती लांबडी पेटी मला नाही जमत. आणि आवाज केला तरी बोलणं कुठे कळतं?’

चर्रकन झालं. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेला, शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवणारा हा माणूस माझ्या घरात तीन आठवडे मुका टीव्ही बघत होता. आणि सांगायला संकोचत होता.

त्या रात्री साउंडबारचं मॅन्युअल पहिल्यांदा उघडलं. आमची जोडणी ऑप्टिकल केबलची होती. ही केबल आवाज नेते, पण ‘वाढव-कमी कर’ हा हुकूम नेत नाही. म्हणून दोन रिमोट. उपाय टीव्हीच्या मागेच होता. एचडीएमआयच्या एका खाचेवर ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ असं लिहिलेलं असतं. ही सोय एचडीएमआयमध्ये 2009 साली आली. साउंडबारच्या तशाच खाचेपर्यंत एचडीएमआय केबल जोडायची आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘सीईसी’ सुरू करायचं. कंपन्यांनी त्याची बारशी वेगवेगळी केलीयत. सॅमसंगचं अ‍ॅनीनेट प्लस, एलजीचं सिंपलिंक, सोनीचं ब्राव्हिया सिंक. शेवटी टीव्हीचे स्पीकर बंद करून आवाज एआरसीकडे वळवायचा. झालं! टीव्हीचाच रिमोट साउंडबारचा आवाज हलवतो. दुसरा रिमोट ड्रॉवरमध्ये.

पण बाबांच्या तक्रारीचा दुसरा भाग उरलाच होता. मोठा आवाज म्हणजे स्पष्ट आवाज नव्हे. वयानुसार कान आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज सोडतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांची ओळख त्याच पट्टीत असते. म्हणून आवाज येतो, पण शब्द निसटतात. वर बेसची धडधड असली की राहिलेलेही बुडतात. आम्ही मात्र आवाज वाढवत होतो, म्हणजे काकूंच्या बश्याच वाजवत होतो.

मग सबवूफर तीन घरं खाली आणला. तो कोपऱ्यात होता, तिथे बेस फुगतो, म्हणून पुढे ओढला. ‘व्हॉइस’ मोड लावला, त्यात बोलणं उठून येतं. रात्रीसाठी ‘नाइट’ मोड. तो कुजबुज आणि स्फोट यांच्यातलं अंतर कमी करतो, त्यामुळे रिमोट घेऊन पळापळ नाही. आणि हे नुसतं शेजारधर्माचं नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलची मर्यादा आहे.

तुमच्याकडेही आई-बाबा राहायला येणार असतील तर एकच टेस्ट करा. त्यांच्या हातात रिमोट द्या आणि तुम्ही पाच मिनिटं किचनमध्ये जा. त्यांना हाक मारावी लागली तर सेटिंग चुकलंय. आणि शब्द तरीही निसटत असतील तर कानाच्या डॉक्टरांकडे न्या. बाबांना त्यासाठी राजी करणं साउंडबारपेक्षा अवघड गेलं, पण पुढच्या शनिवारची अपॉइंटमेंट घेतलीय.

परवा ऑफिसातून आलो तर टीव्हीवर चर्चा तापलेली. बाबा सोफ्यावर पुढे सरकून अँकरशी भांडत होते. ‘केवढा ओरडतो रे हा!’ असं म्हणत त्यांनी स्वतःच आवाज दोन घरं कमी केला.