सिनेमाचा गाजावाजा आणि दुकानदाराचा गल्ला

आमचा धंदा कापडाचा. मग सिनेमाच्या परीक्षणाशी आमचा काय संबंध, असे काही वाचक विचारतील. संबंध असा की, गिऱ्हाईक दुकानात येऊन "त्या सिनेमातला रंग दाखवा" म्हणते, तेव्हा सिनेमाची हवा थेट आपल्या गल्ल्यापर्यंत आलेली असते. कापडवाला, शिंपी, बांगडीवाला, चप्पल बनवणारा, सर्वांना हा अनुभव आहे. म्हणून सिनेमा पाहण्याची ओढ लोकांना कशाने लागते आणि कशाने उतरते, हे व्यापारी बांधवांनी समजून घेतले पाहिजे.

ही ओढ दोन प्रकारची असते. पहिली गाजावाजाची. पोस्टर, गाणी, नट-नट्यांची नावे, आजकाल मोबाईलवरचा ट्रेलर, यांतून ती निर्माण होते. माल न पाहताच टाकलेला हा विश्वास आहे. दुसरी ओढ पाहून आलेल्या माणसाच्या तोंडून लागते. शेजारी, मेहुणा, कारखान्यातला सोबती म्हणतो, "जाऊन या," आणि माणूस घरच्यांना घेऊन जातो. वर्तमानपत्रातले परीक्षण या दोन्हींच्या मधे उभे असते. त्याचे वजन किती, ते जुन्या उदाहरणांवरून पाहू.

तीन सिनेमे, तीन धडे

१९७० साली राज कपूर यांचा 'मेरा नाम जोकर' आला. तयार व्हायला काही वर्षे लागलेला, चार तासांचा, दोन मध्यंतरांचा सिनेमा. नाव मोठे, बोलबाला मोठा, पण लोक पाहून नाराज होऊन परतले आणि गर्दी ओसरली. राज कपूर कर्जात बुडाले. १९७३ साली त्यांनी 'बॉबी' काढला. ऋषी कपूर आणि डिंपल ही नवी जोडी घेतली. हा सिनेमा तुफान चालला आणि ठिपक्यांचे कापड 'बॉबी प्रिंट' या नावाने बाजारात मागितले जाऊ लागले.

दुसरे उदाहरण 'शोले'चे. १५ ऑगस्ट १९७५ रोजी तो लागला तेव्हा परीक्षणे बरी नव्हती. सिनेमा पडला अशी कुजबुज सुरू झाली. शेवट बदलून पुन्हा शूटिंग करावे की काय, असाही विचार झाला. त्या काळातली एक गोष्ट सांगतात. वरळीच्या एका थिएटरच्या मालकाने दिग्दर्शक रमेश सिप्पी यांना धीर दिला. कारण त्याच्या कॅन्टीनची विक्री घटली होती. लोक मध्यंतरात भारावून जागेवरच बसून राहत होते. टीकाकाराला जे दिसले नाही, ते गल्ल्यावर बसणाऱ्याला दिसले. पुढे 'शोले' मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात पाच वर्षे चालला.

तिसरे उदाहरण आमच्या डोळ्यांसमोरचे. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला. "ही तर लग्नाची व्हिडिओ कॅसेट" म्हणून सिनेमावाल्यांपैकीच काहींनी नाक मुरडले. राजश्रीवाल्यांनी सुरुवातीला मोजक्याच थिएटरांत सिनेमा लावला आणि लोकांच्या बोलण्याला वेळ दिला. आम्ही त्या वेळी वडिलांच्या हाताखाली दुकानात बसत होतो. माधुरी दीक्षितची जांभळी साडी मागणारी गिऱ्हाइके सिनेमा लागल्यावर कितीतरी आठवड्यांनी येऊ लागली, पण आली ती संपूर्ण लगीनसराई येत राहिली. वडील म्हणाले, "पाहून आलेले गिऱ्हाईक परत जात नाही."

अभ्यासकांचे म्हणणे

अमेरिकेत एलियाशबर्ग व शुगन या दोन अभ्यासकांनी १९९७ साली हाच प्रश्न तपासला. परीक्षणांचा मेळ सुरुवातीच्या आठवड्यांच्या कमाईशी बसत नाही, नंतरच्या आणि एकूण कमाईशी बसतो, असे त्यांना आढळले. म्हणजे टीकाकार लोकांना थिएटरात खेचत नाही किंवा अडवत नाही. पुढे काय होणार याचा तो बहुधा अंदाज देतो. 'शोले'सारख्या वेळी तो अंदाजही चुकतो.

आज एक फरक पडला आहे. पूर्वी सिनेमा मोठ्या शहरात आधी लागे आणि लहान गावी महिन्यांनी पोहोचे. तोपर्यंत खबर येऊन गेलेली असे. आता एकाच शुक्रवारी हजारो पडद्यांवर सिनेमा लागतो. पहिले तीन दिवस गाजावाजा विकला जातो आणि रविवार रात्रीपर्यंत खरी खबर मोबाईलवर घरोघर पोहोचते. म्हणून सिनेमाचे व्यापारीही शुक्रवारच्या आकड्याशेजारी सोमवारचा आकडा ठेवून पाहतात. सोमवारी गल्ला फारच कोसळला, तर हवा निघाली असे समजतात.

आमची चूक

हे शहाणपण आम्हाला फुकट मिळाले नाही. पंधरा वर्षांपूर्वी ईदच्या तोंडावर एका मोठ्या सिनेमाची गाणी सगळीकडे वाजत होती. दलालाने भरीस घातले आणि नायिकेच्या पोशाखाच्या छपाईचे ऐंशी तागे आम्ही उधारीवर भरले. चाळीस सूट शिवायलाही दिले. सिनेमा दुसऱ्या आठवड्यात उतरला. माल अस्तराच्या भावाने गेला. आमचे नुकसान आम्ही सोसले, पण सूट शिवणाऱ्या कारागिराची मजुरी आम्हाला चार हप्त्यांत द्यावी लागली. त्याच्या मुलीच्या शाळेची फी त्या पैशांत अडकली होती, हे आम्हाला फार उशिरा कळले. त्याने तोंडातून शब्द काढला नाही. त्याचीच आम्हाला अधिक शरम वाटली.

तेव्हापासून आमचे तीन नियम आहेत. एक, सिनेमा लागण्याआधी नमुन्यापुरताच माल घ्यायचा. दोन, दुसऱ्या आठवड्यात गिऱ्हाईक स्वतःहून नाव घेऊन मागते का, ते पाहून मोठी मागणी नोंदवायची. थोडा भाव जास्त पडला तरी चालेल. तीन, कारागिराची मजुरी आधी बाजूला काढून ठेवायची आणि उरलेल्या रकमेवरच जोखीम घ्यायची. सिनेमा पडला तर तोटा आपल्या वहीत लिहावा, त्याच्या घरात जाऊ देऊ नये.